घोडी अडली नव्हती

मन्या,

तुझ्या शोकसभेत मी खरं बोललो आणि लोकांनी माझ्यासाठीच टाळ्या वाजवल्या.

सदर भागातल्या त्या सभागृहात नाट्यमंडळाची सगळी जुनी माणसं आली होती. काठी टेकत आलेली, पोरांच्या गाडीवर मागे बसून आलेली. भाषणं सुरू व्हायच्या आधी पडद्यावर आपल्या मालिकेतला तो तुकडा दाखवला. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतला होता. मधे मधे रेघा येतात, आवाज फाटतो, पण चित्र दिसतं. धुळीतून दमणी येते, हलकी बैलगाडी. शंकरपटाच्या शर्यतीत पळणारे बैल तिला जुंपलेले, ते पिसाळल्यासारखे धावतात. बाजूने घोडी येते, गाडीच्या बरोबरीला लागते, आणि घोडीवरचा पेंढारी रिकीब सोडून चालत्या गाडीवर झेप घेतो. धूळ. मग गाडीत उभा राहिलेला माणूस दिसतो, तोंडावर फडका बांधलेला.

अख्खं सभागृह मागे वळून माझ्याकडे पाहू लागलं. सभा तुझी होती आणि लोक माझ्याकडे पाहून माना डोलवत होते. माझ्या शेजारच्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग मला बोलायला उभं केलं. मी घरून ठरवूनच गेलो होतो. म्हटलं, "ती उडी माझी नाही. मनोहरची आहे. मी त्या दिवशी पळसामागे उभा होतो." एवढंच बोललो. पुढचं बोलणार होतो, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांनी माइक हातात घेतला, डोळे पुसले आणि म्हणाले, "मित्राला निरोप देताना नामदेवरावांनी स्वतःची उडीसुद्धा त्याला देऊन टाकली! अशी दोस्ती आता पाहायला मिळणार नाही."

पुन्हा टाळ्या. मी खाली बसलो. तू असतास तर हसून हसून खुर्चीवरून पडला असतास.

त्यांची चूक नाही. मी अर्धंच सांगितलं होतं. नायकाने उडी कशासाठी मारावी आणि उडीसाठी आणलेल्या माणसाने पळसामागे कशासाठी उभं राहावं, हे सांगितल्याशिवाय त्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवील? आता मंडळ तुझ्यावर स्मरणिका काढतं आहे आणि मला चार पानं लिहायला सांगितली आहेत. ती तुलाच लिहितो. बाकीच्यांनी वाचावी.

गेली काही वर्षं दुपारी मी तुझ्याकडे यायचो. तुझ्या लेकीने, वैशालीने, पुण्याहून येऊन तुला तो मोठा टीव्ही लावून दिला होता, इंटरनेटवाला, आणि तू त्याच्यावर काय शोधलंस तर अमेरिकेतल्या जुन्या काऊबॉयच्या मालिका. काळ्या-पांढऱ्या. घोडे, टेकड्या, बंदुका, उंच टोप्या. त्यातलं इंग्रजी आपल्याला निम्मं कळायचं नाही आणि त्याची गरजही नव्हती. वहिनी दार लावून आत झोपायच्या आणि आपण दोघं म्हातारे एकेक पडणं, एकेक उडी थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहायचो.

"डुप्लिकेट आहे गा," मी म्हणायचो.

"नाही. तो स्वतः आहे."

"मन्या, मी हेच काम केलं न? टोपी पाह्य कशी भुवईपर्यंत ओढली. जो तोंड लपवते तो हिरो नसते."

"आन् ज्याले हिरो म्हणून ओळखू द्याचं नसन, तो?"

"तो काहून लपवन? येडा आहे का?"

तू रिमोटने चित्र पुन्हा मागे न्यायचास.

तू त्यांच्याबद्दल कुठून कुठून वाचून ठेवलं होतंस. त्यातले काही नट आधी गुराखीच होते, घोड्यावरच वाढलेले, त्यांना दुसरा माणूस लागतच नसे. काही शहरातले होते, पण हट्टी. निर्माते हातापाया पडायचे, बाबा तू पडलास तर आमचं दुकान बंद होईल, तरी ते धावत्या बग्गीवर चढायचे, छतावरून घोड्यावर उतरायचे. "काही खरंच पडत होते," तू म्हणायचास, "आन् काही नुसते मुलाखतीत पडत होते." मी हसायचो. मुलाखतीत पडणारा माणूस तुझ्या शेजारी बसून चहा पितो आहे, हे तुझ्या चेहऱ्यावर कधीही दिसलं नाही.

एका नटावरून आपलं शेवटपर्यंत पटलं नाही. तो उंचेला, वाकड्या नाकाचा. घोड्यावरून तो बग्गीच्या बैलां... नाही, घोड्यांवर जातो, एकावरून पुढच्यावर, आणि लगाम पकडतो. तू म्हणायचास तो स्वतःच, कारण पाठीची ठेवण तीच आहे. मी म्हणायचो शक्य नाही, इतक्या महागाच्या माणसाला चाकापाशी जाऊ देत नाहीत. तू म्हणालास, "नाम्या, करणाऱ्याले कोणी जाऊ देत नाही गा. तो जाते." शेवटच्या दुपारी तोच भाग लावला होता. तुला डुलकी लागली. मी टीव्ही बंद केला आणि आलो. तो वाद तसाच राहिला. आज मी तो हरतो. तुझं बरोबर असेल. त्या नटाचं मला माहीत नाही, पण असा माणूस असू शकतो एवढं मला कबूल आहे. मी तो पाहिलेला आहे.

आता मालिकेचं सांगतो, कारण स्मरणिका वाचणाऱ्या पोरांना ती ठाऊक नसणार.

पेंढाऱ्यांवरची मालिका होती, तेरा भागांची. नागपुरातल्याच माणसांनी काढलेली. रामटेकच्या बाजूला एका तलावामागच्या मोकळ्या रानात सगळं चित्रीकरण झालं. तू नायक. सरकारी कचेरीतला कारकून, जाड भिंगाचा चष्मा, रजा काढून आलेला. नाटकात तू उभा राहिलास की मागच्या रांगेतला माणूसही श्वास धरायचा, म्हणून तुला घेतलं. पण घोड्यावर तू कधी बसला नव्हतास. ते शिकवायला मी. माझा बाप सीताबर्डीला टांगा चालवायचा. टांगे बंद पडले तेव्हा आम्ही गांधीबागेच्या मागे लग्नाच्या घोड्या ठेवल्या. घोडीवरून पडायचं, लोंबकळायचं, उडी टाकायची अशी कामं मी दोन सिनेमांत केली होती, म्हणून धोक्याच्या जागी तुझे कपडे घालून मी, असं ठरलं.

घोडीवर बसलास त्या पहिल्या दिवशीचं तुझं तोंड मला आठवतं. तू तिच्या कानाशी वाकून म्हणालास, "बाई, मी नवरदेव नाही, कारकून आहे. सांभाळून घे." दोन महिन्यांत तू असा बसायला लागलास की मी माझ्या भावांना घेऊन यायचो, पाहा म्हणायचो. शिकवून येतं ते वेगळं. तुझ्या मांडीला घोडीचं मन कळायचं.

आणि त्या घोड्या! पेंढाऱ्यांची अख्खी फौज आमच्या लग्नाच्या घोड्यांची होती. पांढऱ्याशुभ्र, म्हणून त्यांना कात आणि गेरू चोपडून तांबूस केलं होतं. घाम आला की रंग ओघळायचा आणि फौजेच्या पोटऱ्या लाल व्हायच्या. गावावर हल्ला होतो ते दृश्य होतं. दिग्दर्शकाने नगारा मागवला, खरा, मोठा. सगळे पेंढारी तलवारी उपसून तयार. नगाऱ्यावर टिपरू पडलं, आणि अख्खी फौज नाचायला लागली. एकही घोडी पुढे जाईना. जागच्या जागी, एक पाय वर, दुसरा पाय वर, माना घोळवत. आमच्या चांदणीने तर मागच्या दोन पायांवर उभं राहून समोर सलाम केला. वरातीत शिकवलेलं ते तिने मन लावून केलं. तलवार हातात घेऊन तू तिच्या मानेला मिठी मारून हसत होतास. गावातल्या ज्या बाया लुटल्या जायच्या होत्या त्या पदर तोंडात कोंबून हसत उभ्या. दिग्दर्शक डोक्यावरची टोपी जमिनीवर आपटून ओरडत होता, "अबे थांबवा तिले! नगारा थांबवा! हे काय कोणाचं लगन आहे का?"

त्यानंतर नगारा बंद. आवाज मागाहून भरला.

मग तो उडीचा दिवस. त्या दिवसाचं मी इतक्या वेळा सांगितलं आहे, लग्नांत, पानठेल्यावर, शाळेतल्या पोरांपुढे, की खरं काय झालं ते मला शोधून काढावं लागतं. पण ते जागेवर आहे. हललेलं नाही.

शंकरपटाचे बैल आणले होते, जोडी नामांकित. दमणीवर त्यांना हाकणारा नेहमीचा धुरकरी ओणवा होऊन बसलेला, त्याला मागे वळून पाहायची सोय नाही. कॅमेरा दूर, तलावाच्या पाळीवर, बांधावर. मी पळसाच्या झुडपांमागून चांदणीवर निघायचं, दमणीच्या बाजूला लागायचं, उडी टाकायची. फडका बांधलेला, मंदील घट्ट. तुझे माझे कपडे सारखेच. त्या दृश्यात तुझं काम नव्हतं, म्हणून तू मॅटाडोर गाडीत झोपला आहेस असं सगळ्यांना वाटत होतं.

मी निघालो. घोडी बरोबरीला आणली. पाय रिकिबीतून काढले. आणि खाली पाहिलं.

चाक होतं, मन्या. लोखंडी पट्टीची धाव बसवलेलं. घोडी आणि गाडी यांच्यामधे हातभर जागा, आणि त्या जागेत ते फिरत होतं. धाव चमकत होती. ते मला कापायला निघालं आहे असं काही वाटलं नाही. ते आपलं फिरत होतं, मी आहे की नाही याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं. माझे हात लगामावरून सुटेनात. मी घोडी वळवली आणि परत आलो.

"काय झालं बे?" दिग्दर्शक पाळीवरून ओरडला.

"घोडी अडली!" मी ओरडलो.

दुसऱ्यांदा गेलो. त्या वेळी चाकाकडे पाहायचं नाही असं ठरवून गेलो आणि चाकाशिवाय दुसरं काही दिसलंच नाही. पुन्हा परत.

"घोडी अडून राहिली साहेब!"

"तिच्यापुढं बँड लाव न मंग! वरात समजून जाईन ती!"

सगळे हसले. चांदणी बिचारी घामाने निथळत, मान खाली घालून उभी. ती अडली नव्हती. दोन्ही वेळा तिने मला गाडीच्या अंगाला अगदी चिकटून नेलं होतं. तिच्याइतकं इमानी जनावर आमच्या तबेल्यात नंतर झालं नाही, आणि मी तिच्या तोंडावर तिची बदनामी करत होतो. मन्या, हे लिहिताना माझी मान तिच्यापुढेही वर होत नाही. घोडी अडली नव्हती. मी अडलो होतो.

धुरकरी म्हणाला, बैलांत आता एकच धाव उरली आहे. ऊनही उतरत होतं. मी पळसामागे येऊन घोडी वळवत होतो. तू तिथे उभा होतास. मॅटाडोरमध्ये नव्हतास. केव्हापासून उभा होतास ते मला ठाऊक नाही.

"उतर."

"काहून?"

"उतर म्हणतो न."

"मन्या, घोडी अडून..."

"मी पाह्यलं. उतर. तिले काहून बदनाम करतं?"

तुझ्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. लिफाफ्यावर तिकीट लाव म्हणावं तसा आवाज. मी उतरलो. तू चष्मा काढून माझ्या हातात दिलास, फडका बांधलास आणि चांदणीवर चढलास. तिच्या कानात काहीतरी बोललास. ते मला ऐकू आलं नाही. काय बोललास, हे मी तुला कधी विचारलं नाही.

मी पळसाच्या फांद्या बाजूला करून पाहत होतो. आयुष्यात मी घोड्यांवरची पुष्कळ माणसं पाहिली. तसं पुन्हा दिसलं नाही. तू घोडीला टाच मारलीच नाहीस. नुसता पुढे झुकलास आणि ती गेली. गाडीच्या बरोबरीला लागल्यावर मी जिथे खाली पाहिलं होतं तिथे तू वर पाहिलंस, समोर, बैलांच्या शिंगांच्या वर कुठेतरी. पाय रिकिबीतून इतके सावकाश काढलेस की जणू घराच्या ओसरीवर चपला काढतो आहेस. मग तू उठलास. मला दुसरा शब्द सुचत नाही. उडी मारलीस असं वाटलंच नाही. बसलेला माणूस उठतो तसा तू उठलास आणि घोडी तुझ्याखालून निघून गेली, आणि तू हवेत होतास, हात पसरलेले, आणि खाली ते चाक. कारकून माणूस. सकाळी डब्यात पोळी-भाजी आणणारा. मी ओरडलो असेन. माझ्या मुठीत तुझा चष्मा होता, तो मी इतका दाबला होता की काडी वाकली.

धूळ उडाली. धूळ खाली बसली तेव्हा तू गाडीत उभा होतास.

पाळीवर टाळ्या, आरोळ्या. दमणी वळणामागे गेली. थोड्या वेळाने तू तुरीच्या शेतातून चालत आलास. डावा हात अंगाशी धरलेला. मी काही बोलायच्या आत म्हणालास, "चष्मा दे."

मी दिला. "काडी वाकवली बे," म्हणालास.

"तुले काही लागलं का?"

"नाही." मग उजव्या हाताने माती उचललीस आणि माझ्या पाठीवर, खांद्यावर, मांड्यांवर चोळायला लागलास. "उभा राह्य नीट. आता तू जा तिकडं. उडी तू मारली."

"काहून पण?"

तेव्हा तू ते सांगितलंस. घरी वहिनींना शपथ दिली आहे, वैशालीच्या डोक्यावर हात ठेवून, की असल्या उड्या मारणार नाही. वैशाली तेव्हा पाळण्यातून नुकतीच खाली उतरली होती. "तू बोलला त माह्या घरात आग लागन, नाम्या. लेकराच्या डोक्यावरची शपथ आहे. तुले माहीत आहे सुमन कशी आहे ते." मी म्हटलं, बरं. मला वाटलं मी तुझ्यावर उपकार करतो आहे. खरंच वाटलं, मन्या. मी तुझी माती अंगावर घेऊन पाळीवर गेलो आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

"चष्म्याशिवाय तुले चाक दिसलं तरी का?" रात्री... नाही, दुसऱ्या दिवशी मी विचारलं होतं.

"तेच त बरं झालं," तू म्हणालास.

मालिका लागली. सीताबर्डीत लोक मला थांबवायचे. लग्नाला पेंढाऱ्याची घोडी पाहिजे म्हणून दूरदूरची माणसं तबेल्यावर यायची, नवरदेवाला घोडीपेक्षा माझ्याशेजारी उभं राहून फोटो हवा असायचा. मी गोष्ट सांगायचो. हळूहळू गोष्टीत चाक माझ्या पायाला चाटून जायला लागलं. एका लग्नात तू पंगतीत माझ्यासमोर बसला होतास आणि मी सांगत होतो. तू जिलबी मोडत म्हणालास, "नाम्या, बैलाचं शिंग लागलं होतं न तुले? ते नाही सांगितलं." सगळे ओरडले, सांगा, शिंगाचं सांगा! आणि मी शिंगाचं सांगितलं. तू इतका रस घेऊन ऐकत होतास.

याहून एक वाईट गोष्ट आहे. ती मी आधी लिहिणार नव्हतो. काही वर्षांनी आपलं कशावरून तरी भांडण झालं, मंडळाच्या कुठल्याशा भूमिकेवरून. मी रागात बोलून गेलो, "माह्यामुळे तुहा संसार टिकला, हे विसरू नको. मी तोंड उघडलं असतं त सुमनवहिनी माहेरी गेली असती." तू मग म्हणालास, "हो गा. ते त आहेच."

तुझ्या त्या उत्तरात काय होतं, ते मला परवापर्यंत कळलं नाही.

सभेनंतर वैशालीचा फोन आला. "काका, आईने बोलावलंय. आजच या."

मी मेट्रोने आलो. तुझ्या घराचे जिने आता मला जमत नाहीत, दोनदा थांबलो. आत वहिनी पलंगावर बसल्या होत्या, पाठ ताठ. तुझा फोटो समोरच्या टेबलावर. वैशाली पाणी घेऊन आली. वहिनींनी मी पाणी पिईपर्यंतही वाट पाहिली नाही.

"भाऊजी, सभेत तुम्ही जे बोललात ते मला आवडलं नाही. मेलेल्या माणसाला असं फुकटचं मोठं करायचं नसतं. ते जसे होते तसे मला पुरतात. उड्या मारणारे नव्हते. नव्हते तर नव्हते."

"वहिनी, मी खोटं नाही बोललो."

"मग मला इतकी वर्षं काहून नाही कळलं?"

म्हणून मी सांगितलं. म्हटलं, "तुमच्या शपथेमुळे."

"कसली शपथ?"

"तुम्ही त्याच्याकडून घेतली होती ती. वैशालीच्या डोक्यावर हात ठेवून. घोड्यावरून उड्या मारणार नाही म्हणून."

वहिनी माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग वैशालीकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"मी? माझ्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ? भाऊजी, शपथेसाठी लेकराच्या डोक्याला हात लावणाऱ्याचा मी हात धरीन! माझ्या घरात असली शपथ कोणी घेतली नाही, मी घेऊ दिली नाही. उलट मी तर यांना म्हणत होते, मारा एखादी उडी, ऑफिसातले तरी चिडवायचे बंद होतील."

वैशाली हळूच म्हणाली, "मग बाबांनी काकांना असं काहून सांगितलं?"

दोघीही माझ्याकडे पाहत होत्या. मन्या, मी तिथून उठून जाऊ शकलो असतो. म्हातारा माणूस आहे, आठवत नाही म्हटलं असतं तर दोघींनी सोडून दिलं असतं. शपथ नव्हतीच हे मला कळून पाण्याचा घोटही गिळून झाला नव्हता. तू ती तुरीच्या शेतातून चालत येताना बनवली असशील, दुखरा हात अंगाशी धरून, एवढ्याशा वेळात. आणि इतकी चोख बनवलीस की मी ती तुलाच वर्षानुवर्षं ऐकवत राहिलो.

मी सांगितलं. चाकाचं सांगितलं. दोन्ही वेळा परत आलो ते सांगितलं, दोष घोडीवर ढकलला ते सांगितलं. "वहिनी, उडीसाठी मला आणलं होतं आणि मी भ्यालो. त्याने ते पाहिलं. मी भ्यालो हे कोणाला कळू नये, आणि त्याने मला वाचवलं असंही मला वाटू नये, म्हणून त्याने तुमचं नाव घेतलं. मी त्याच्यावर उपकार करतो आहे असं मला वाटत राहावं, अशी त्याने सोय केली." हे शब्द तोंडातून बाहेर पडताना मला पहिल्यांदा कळत होते.

वहिनींनी एकच विचारलं.

"कोणता हात धरला होता म्हणता अंगाशी?"

"डावा."

"पायरीवरून पडलो म्हणाले होते. ऑफिसच्या." त्या उठल्या. "महिनाभर मी आंबेहळद उगाळून लावली त्या खांद्याला. रोज. आणि रोज बोलायची. तो नामदेव चालत्या गाडीवर उडी मारतो आणि तुम्हाला साधी पायरी उतरता येत नाही! रोज म्हणायची हो. आणि हे खांदा पुढे करून बसायचे, आणि म्हणायचे, 'प्रत्येकाची हुशारी वेगळी असते, सुमन.'"

वैशाली हसायला लागली. हसता हसता तिने तोंडावर ओढणी घेतली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या टेबलापाशी गेल्या, फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, लेकीशी नाही.

"काहून हो? मला तरी सांगायचं होतं! मी काय गावभर दवंडी पिटणार होते? नवऱ्याने असं काही केलं तर बाईला ते पाहायचा हक्क नाही? टोमणे ऐकून घेतले माझे, पण सांगितलं नाही. आणि माझ्या नावावर शपथ खपवली. लेकराच्या डोक्यावरची! लाज नाही वाटली?"

"आई," वैशाली म्हणाली.

"तू मधे बोलू नको. मला यांच्याशी बोलू दे."

वैशाली मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "काका, हे सगळं लिहून द्या. घोडीचंही." मी म्हटलं, देतो. तिने माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. माझ्यावर राग धरायचा की नाही हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं, ते तिच्या हातात कळत होतं. ठरू दे सावकाश. तिचा तो अधिकार आहे.

मी जिने उतरायला लागलो. वरून वहिनींचा आवाज येत होता, चढलेला, खणखणीत. तू गेल्यापासून त्या घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, भांडीसुद्धा कोणी वाजवत नव्हतं. आता त्या पायरीपासून सुरू करून खांद्यापर्यंत आल्या होत्या आणि खांद्यावरून पुन्हा शपथेवर गेल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून माझ्याकडे पाहिलं. "काय झालं हो? कोणाशी भांडून राहिल्या काकू?"

मी म्हटलं, "नवऱ्याशी."

त्यांनी दार लावून घेतलं. मी कठड्याला धरून तिथेच उभा राहिलो. मधेच वहिनी थांबायच्या, तुझ्या उत्तराला जागा द्यावी तशा, आणि मग पुन्हा सुरू करायच्या. सगळं ऐकून झाल्यावरच मी खाली उतरलो.